देवरावांचा काप

देवराव घाटोळे हे नाव कुठल्याही शोधनिबंधावर सापडणार नाही. मी शोधून पाहिलंय. आमच्या भूशास्त्र विभागात त्यांनी सत्तावीस वर्षं दगड घासले, त्या घासण्यावर चौदा जण डॉक्टर झाले, आणि चौदांपैकी एकानंही आभाराच्या पानावर त्यांचं नाव धड लिहिलं नाही. मी लिहिलं, पण ‘श्री. डी. घाटोळे’ असं. पूर्ण नाव लिहायला माझे हात का आखडले होते, ते मला आजही सांगता येणार नाही.

विभाग जुन्या दगडी इमारतीत होता आणि तिच्या मागं, सायकल स्टँडला लागून, एक लांबोडकी खोली होती. सगळे तिला घासखोली म्हणत. आत हिऱ्याच्या कडेची करवत, गरगर फिरणारी लोखंडी तबकडी, जाड काचा आणि घासायच्या पावडरीचे तीन डबे: भरड, मध्यम, बारीक. देवराव दगडाची चकती कापत, तिची एक बाजू घासून गुळगुळीत करत, ती राळेनं काचपट्टीला चिकटवत आणि मग दुसऱ्या बाजूनं घासत बसत. दगड केसाच्या निम्म्याहून पातळ झाला की त्यातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पोटातलं सगळं दिसायला लागतं. ह्याला आम्ही काप म्हणायचो.

थांबायचं कधी, ही त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. सूक्ष्मदर्शकाला दोन खास भिंगं लावून पाहिलं की काप जाड असेपर्यंत त्यातली गारगोटी पिवळी दिसते, आणि नेमका झाला की राखाडी.

“पिवळं दिसते तोवर दगड खोटं बोलून राहिला समज,” देवराव मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. “राखी झाला का थांब. हावरटपणा केला तं सारा काप पाण्यासोबत मोरीत जाते.”

त्र्याहत्तर साली मी तिथं संशोधनाला लागले, तेव्हा ते पन्नाशीकडे झुकले होते. उंच, वाकलेले, पांढरी टोपी, आणि नखांत कायमची करडी पावडर. हुडकेश्वरहून सायकलनं यायचे. आता हुडकेश्वर म्हणजे घरांची दाटी. तेव्हा ते चक्क खेडं होतं. देवरावांची तिथं थोडी शेती, विहीर, दोन बैल. विभागात ते शिपाई म्हणून लागले होते. एकदा काप करणारा माणूस सोडून गेला आणि आमच्या सरांनी सहज देवरावांच्या हातात दगड दिला. आठवड्यानं देवरावांनी असा काप आणून ठेवला की सरांनी खिशातून घासखोलीची चावी काढली आणि त्यांना देऊन टाकली. ती चावी देवराव कमरेच्या करगोट्याला बांधत. बायको रंभाबाई म्हणायच्या, “आंघोळीलेही सोडत नाही गा हा माणूस.” शेतावर ते भावांतले एक होते, विभागात शिपायांतले एक, घासखोलीत मात्र त्यांच्या शब्दावर प्राध्यापकही चपला बाहेर काढायचे.

सर म्हणजे अनंतराव हरकरे. विद्वान, प्रेमळ आणि भयंकर तापट. चहा थंड आला तरी ते कप भिंतीवर फेकायचे आणि मग स्वतःच तुकडे वेचायचे. सरांना एकच वेड होतं: पृथ्वीवरची पहिली जीवसृष्टी. वैनगंगेपलीकडच्या एका नाल्यातून त्यांनी काळ्या, गारगोटीसारख्या कठीण दगडाची खोकी आणली होती. शंभर कोटी वर्षांहून जुना दगड. त्यात वाटीत वाटी बसवल्यासारखे बारीक थर होते. असे थर उथळ समुद्रातल्या शेवाळासारख्या जिवांनी रचलेले असतात. ते जीव चिकट गालिच्यासारखे पसरायचे, त्यावर गाळ बसायचा, ते पुन्हा गाळाच्या वर यायचे, पुन्हा गाळ. पण खुद्द ते जीव, त्यांच्या पेशी, दगडात सापडायला हव्या होत्या. माझं काम तेच होतं. शिष्यवृत्तीचं पहिलं वर्ष संपलं होतं आणि माझ्या वहीत ‘थर आहेत, पेशी नाहीत’ हे वाक्य अडतीस वेळा लिहिलेलं होतं.

देवरावांना ह्या सगळ्यात फार गोडी. एकदा डबा खाताना त्यांनी मला विचारलं, “हे शेवाळ किती जुनं, ते मले समजंन असं सांग. कोटी-बिटी नोको सांगू.”

मी म्हटलं, “तुम्ही संध्याकाळी सीताबर्डीहून घरी निघता. बर्डीवर पृथ्वी जन्मली असं धरा, आणि तुमच्या घराच्या उंबरठ्यावर आजचा दिवस. नऊ किलोमीटर.”

“हाव, तेवढंच होते.”

“मेडिकल कॉलेज यायच्या आधी पहिला जीव आला. एकेका पेशीचा, डोळ्यांना न दिसणारा.”

“मंग?”

“मग मानेवाडा येईपर्यंत जवळजवळ तेच. मानेवाडा मागं पडला तरी तेच. घर किलोमीटरभर राहिलं तेव्हा कुठं हातपाय-डोळेवाली जनावरं दिसायला लागली.”

“अन् माणूस?”

“माणूस तुमच्या उंबरठ्याच्या एक पाऊल अलीकडे.”

देवरावांचा घास हातातच राहिला. “म्हणजे साऱ्या रस्त्यानं शेवाळच?” मग जरा रागावून म्हणाले, “एवढा वेळ ते करून काय राहिले होते?”

“श्वास सोडत होते. आपण जी हवा घेतो, तिच्यातला प्राणवायू आधी नव्हताच. त्या शेवाळानं उन्हात बसून बसून तो टाकला. त्यांच्या दृष्टीनं तो कचरा.”

त्यांनी एक खोल श्वास घेतला, खरंच, मला दाखवायला म्हणून नव्हे. मग म्हणाले, “आता रोज घरी जाताना मानेवाड्यापर्यंत मले वाटन का मी त्यायच्या अंगावरूनच सायकल हाकून राहिलो.” त्यानंतर काळ्या दगडाचं खोकं ते पायानं सरकवत नसत, हातानं उचलत.

चौऱ्याहत्तर साली दसरा होऊन महिना झाला असेल. एका सकाळी नव्या कापात मला पेशी दिसल्या. एक नाही, पन्नास. गोल, लांबट, पिवळसर तपकिरी, काहींना पातळ पापुद्रा, दोन-तीन एकमेकींना चिकटून, विभागणी होतानाच थिजल्यासारख्या. मी ओरडलेच. सर धावत आले. त्यांनी तासभर भिंग वरखाली केलं. कापावर झाकलेल्या काचेखालच्या राळेत काही अडकलं असेल तर ते दगडाच्या पातळीच्या वर दिसतं. ह्या पेशी दगडात, खाली, खोल बसल्या होत्या. सर खुर्चीत मागं टेकले आणि त्यांचे डोळे भरून आले. “पुष्पलता,” ते म्हणाले, “शंभर कोटी वर्षं वाट पाहत होत्या बिचाऱ्या.”

जानेवारीत हैदराबादला परिषद होती. निबंधाचा सारांश टाइप झाला, त्यावर पहिलं नाव माझं. सरांनी विभागात पेढे वाटले आणि मग, त्यांच्या स्वभावाला शोभेल असंच, देवरावांना स्वतः हाताला धरून मोठ्या सूक्ष्मदर्शकापाशी आणलं. “बघा देवराव, तुमच्या हातून काय निघालंय!”

देवराव वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं, भारावून गेले. मग ते सरळ झाले, “बरं आहे सर,” एवढंच म्हणाले आणि पेढा खिशात टाकून निघून गेले. मला मनातून राग आला. आयुष्यात एकदा असं घडतं आणि हा माणूस ‘बरं आहे’ म्हणतो!

दुपारी त्यांनी मला घासखोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. समोर कापांची नोंदवही उघडी होती, त्यांच्या ठसठशीत अक्षरात.

“हा काप मी कवा केला, वाच.”

तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

“खंडेनवमीले मी काय करतो?”

सगळ्या विभागाला माहीत होतं. खंडेनवमीला देवराव घासखोली धुऊन काढत. करवतीला, तबकडीला, पावडरीच्या तिन्ही डब्यांना हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत, नारळ फोडत. शेतकरी नांगराला पुजतो तसं. प्रसाद आम्ही सगळे खायचो, सरही.

“बारीक पावडरच्या डब्याले हळद वाह्यली तवा झाकण सैल होतं,” देवराव म्हणाले. “मले वाटते चिमूटभर आत गेली. ह्या दगडाले बारीक बारीक छिद्रं आहेत. घासता घासता हळद त्याच्यात जाऊन बसली. तो जीव नाही वं पोरी. ते माही हळद आहे.”

मी हसले. काहीतरीच काय, म्हटलं. सरांनी तासभर पाहिलंय, तुम्ही एकदा डोळा लावला आणि तुम्हाला हळद दिसली?

ते वाद घालत बसले नाहीत. त्याच दिवशी केलेला दुसरा एक काप त्यांच्याकडे होता, ज्यावर अजून वरची काच बसवायची होती. तो त्यांनी आपल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी पाहिलं, त्यातही तशाच पेशी होत्या, पिवळ्या, गोल. मग देवरावांनी खिशातून तंबाखूची चंची काढली, तिच्यातली चुन्याची डबी उघडली, बोटभर चुना वाटीत पाण्यात कालवला आणि चुना खाली बसून वर निवळी येऊ दिली. काडीनं त्या निवळीचा एक थेंब कापावर सोडला.

“आता पाह्य.”

चुना लागला की हळद लाल होते, हे घराघरात पोरीबाळींनाही ठाऊक असतं. माझ्या डोळ्यांदेखत शंभर कोटी वर्षांच्या पेशी एकेक करून कुंकवासारख्या लाल झाल्या.

पहिला विचार मनात आला तो सत्याचा नव्हता, हे मला आज लिहायलाच हवं. माझ्या डोळ्यांपुढं सारांशावरचं माझं नाव आलं. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती, आणि तिची मुदत वाढायची ती ह्या पेशींवर.

“देवरावजी,” मी म्हटलं, “कोणाला सांगू नका.”

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“मी नाही सांगत,” ते म्हणाले. “तू सांग. नाव तुहं आहे त्याच्यावर. परवा टपाल जाते.”

“सर तुमच्याकडून चावी काढून घेतील. तुम्हाला समजतंय का?”

“समजते,” ते म्हणाले. त्यांचा हात कमरेशी गेला होता.

दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी मी सरांच्या दारापर्यंत तीनदा जाऊन आले. दुसऱ्या दिवशी गेलेच नाही. मी स्वतःला सांगत होते की चुन्यानं आणखीही काही लाल होत असेल, की त्या दुसऱ्या कापात हळद असेलही पण पहिल्यात नसेल. माणूस स्वतःला काय काय पटवून देऊ शकतो, ते मी त्या दोन दिवसांत शिकले. देवराव ह्या दोन दिवसांत मला एका शब्दानं बोलले नाहीत. घासखोलीतून तबकडीचा आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर लखोटा बंद करत होते आणि मी समोर उभी होते. देवराव आत आले, चपला बाहेर काढून. त्यांनी तो लाल काप टेबलावर ठेवला, बाजूला चुन्याची डबी ठेवली आणि सगळं सांगितलं. डबा, सैल झाकण, चिमूट. सरांनी तो काप पाहिला. मग तो पहिला काप काढून, वरची काच उचकटून, राळ धुऊन, त्यावर स्वतः निवळीचा थेंब टाकला आणि पुन्हा पाहिलं.

त्या दिवशी सर जे बोलले ते मी लिहिणार नाही. ते आता नाहीत, आणि त्यांच्याकडून मी पुष्कळ घेतलं आहे. अडाणीपणा, अंधश्रद्धा, प्रयोगशाळा म्हणजे देऊळ नव्हे, असं बरंच. देवराव मान खाली घालून ऐकत होते. सरांनी शेवटी विचारलं, “हळद कोणाची ही? कोणी आणली विभागात?”

“माही,” देवराव म्हणाले. “घरची आहे.”

सरांनी हात पुढं केला. करगोट्याची गाठ जुनी होती, सुटेना. देवरावांनी ती दातांनी सोडवली आणि चावी टेबलावर ठेवली.

मी तिथंच उभी होते. मला दोन दिवसांपासून माहीत होतं, एवढं एक वाक्य मला म्हणता आलं नाही.

दोन महिने देवराव फायली नेत-आणत होते. घासखोलीत कोणी नवा माणूस बसवला गेला, त्याचे काप कधी जाड, कधी अर्धे धुऊन गेलेले. देवराव तिथून जाताना आत पाहत नसत. जानेवारीत सर हैदराबादला गेले, निबंध न वाचता नुसते ऐकायला. परत आले ते एकदम बदलून. तिथं कुठल्याशा नामांकित माणसानं अतिप्राचीन पेशी म्हणून चित्रं दाखवली होती, आणि भर सभेत कोणीतरी उठून ते आजच्या बाभळीचे परागकण असल्याचं सिद्ध केलं. सभागृह हसलं. सर सांगत होते, तो माणूस चष्मा पुसत व्यासपीठावर उभा राहिला होता, आणि त्याच्या जागी त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत होता.

त्याच दुपारी ते मागच्या बाजूला गेले. देवराव सायकल स्टँडपाशी बाकावर बसले होते. सरांनी चावी त्यांच्या हातात ठेवली. “नवी खोकी आली आहेत,” म्हणाले, आणि जरा थांबून, “पुढच्या वर्षी पूजा कराल ना?”

“करीन सर. पण डब्यायले फूलच वाहीन. हळद दाराच्या चौकटीले.”

आणि तसंच ते पुढं बारा वर्षं करत राहिले. मला शेवटपर्यंत पेशी सापडल्या नाहीत. देवरावांच्या कापांत थर मात्र इतके लख्ख उमटले की माझा प्रबंध त्या थरांवरच झाला. ‘थर आहेत, पेशी नाहीत’ हे वाक्य मी त्यात तसंच, मान ताठ ठेवून लिहिलं. देवराव म्हणायचे, “राहणारे गेले, घर तं आहे ना. कोणी राहून गेलं, एवढं तं दिसते.”

सत्त्याऐंशी साली, ते निवृत्त झाल्यावर वर्षभरानं, मी हुडकेश्वरला गेले. तोवर माझं लग्न झालं होतं, स्वतःची नोकरी होती. देवराव अंगणात खाटेवर पडून होते. छातीत पावडर बसली होती, धाप लागायची. मला पाहून उठून बसले. उशाखालून एक काचपट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. तोच लाल काप. कडेला हिऱ्याच्या लेखणीनं कोरलं होतं: ‘हळद. दे. घा.’ सत्तावीस वर्षांत त्यांनी स्वतःचं नाव कोरलेला हा एकच काप.

मला राहवलं नाही. मी विचारलं, “देवरावजी, त्या दिवशी तुम्ही सरांना का नाही सांगितलं? मला आधीच माहीत होतं ते. मी तुम्हाला गप्प राहायला सांगितलं होतं ते.”

ते खोकले, पाणी प्यायले. त्यांना बहुतेक प्रश्नच कळला नसावा असं मला वाटलं.

“सरांनी विचारलं, हळद कोणाची,” ते म्हणाले. “हळद माही होती. तुहं नाव काहून घेऊ?”

निघताना रंभाबाई करंडा घेऊन आल्या. सवाशीण घरातून रिकाम्या कपाळानं जायची नाही. हळद त्यांच्या माहेरची, वर्धेकडची, घरी शिजवून कुटलेली, तीच, दरसालची. त्यांनी माझ्या कपाळावर बोट टेकवलं तेव्हा देवराव खाटेवरून म्हणाले, “जपून लाव वं. तिच्या चष्म्यावर पडली तं पुन्हा शंभर कोटी वर्षांचं काही दिसंन तिले.”

रंभाबाई हसल्या, मीही हसले, आणि रस्त्याला लागेपर्यंत मागं वळून पाहिलं नाही, कारण डोळे भरले होते.

ती हळद मी दोन दिवस पुसली नाही.